शेततळ्यातले मासे, ४४ रुपयांचं खाद्य आणि वाकडी पाठ

तळ्याकाठचा | ८ जून २०२५, रात्री ९:४०

मंडळी, रामराम. करवीर तालुक्यात आमचं रान आहे. २०१९ साली त्यात शेततळं काढलं, ३० बाय ३० मीटर, आत प्लास्टिकचं अस्तर. पाणी उसाच्या ठिबकला आणि सोबत मासे, असा बेत. पहिल्या दोन खेपांना खाद्य घरचंच होतं: भाताचा कोंडा आणि घाण्यावरची शेंगपेंड, निम्मं निम्मं. वर्षानं जाळं ओढलं तर रोहू तीनशे ग्रॅमच्या वर जाईना. त्यात शंभरात पाच-सहा मासे पाठीत वाकलेले. घेणारा म्हणाला, "ह्यांना काय पोती उचलायला लावली होती काय?" ते फुकट वाटले.

मग गेल्या वर्षी चिडून कंपनीचं तरंगतं खाद्य आणलं. २८ टक्के प्रोटीन, ४४ रुपये किलो. वहीतला हिशोब असा: १,५०० बोटुकली, ७,५०० रुपये. खाद्य ४४ पोती, म्हणजे १,१०० किलो, ४८,४०० रुपये. मासा निघाला ६३० किलो, ११० च्या भावानं ६९,३०० रुपये. लाइट बिल, जाळंवाल्यांची मजुरी आणि बर्फ वजा केला की हातात जे राहिलं त्यात एक बरा मोबाइलसुद्धा येत नाही. पाठ मात्र एकाही माशाची वाकली नाही.

आता खरा प्रश्न. वडिलांनी नव्वदच्या सुमाराला गावतळ्याचा ठेका घेतला होता. तिथं म्हशी डुंबायच्या, कडेला शेणाच्या पाट्या पडायच्या, वरून कधीतरी कोंडा. किलोचा कटला निघायचा. वाकडा मासा बघितल्याचं त्यांना आठवत नाही. तेव्हा कोंड्यावर जमलं ते मला का जमलं नाही? आणि त्या ४४ रुपयांच्या पोत्यात असं आहे तरी काय?


रंकाळा_चौपाटी | ८ जून, रात्री ९:५८

कोल्हापुरात राहून माशाच्या पाठीची काळजी करणारा पहिलाच माणूस बघितला. भावा, मटणाच्या रांगेत उभा राहा, डोकं शांत होईल.


गगनबावडेकर | ८ जून, रात्री १०:१५

चेष्टा बाजूला. ज्यानं वही लिहिली त्याला उत्तर मिळालं पाहिजे. मास्तर कुठं आहेत?


जुना मास्तर | ९ जून, सकाळी ६:२०

इथंच आहे. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो, झोप पहाटेच मोडते.

बाळ, तुझ्या वडिलांनी मासे कोंड्यावर वाढवलेच नाहीत. कोंडा तळ्याला घातला, मासे तळ्यानं वाढवले. शेण पाण्यात विरघळतं, त्यावर हिरवं शेवाळी प्लवंग वाढतं, ते खाऊन डोळ्यांना जेमतेम दिसणारे पाणकिडे वाढतात. कटला वरचे किडे खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाचा गाळ उकरतो. ह्या जिवंत खाण्यात प्रोटीन भरपूर, आणि जीवनसत्त्वंही ताजी. कोंडा म्हणजे वरकड भाकरी. कालवण तळ्यातच शिजत होतं.

तुझ्या प्लास्टिकच्या तळ्यात चिखल नाही, शेण नाही. ठिबकसाठी पाणी तू नितळ ठेवत असणार. म्हणजे माशाला तू दिलेलं तेवढंच ताट. त्या ताटात क जीवनसत्त्व जवळजवळ शून्य. माणसासारखंच बहुतेक माशांनाही ते शरीरात बनवता येत नाही, आणि त्याच्याशिवाय कोलॅजन, म्हणजे हाडं-कातडी धरून ठेवणारं प्रोटीन, नीट होत नाही. वाढत्या माशाचा कणा त्याशिवाय ताण झेलू शकत नाही, मग पाठ वाकते. अमेरिकेत मांगूरसारख्या मिशीवाल्या माशांची बंदिस्त शेती सुरू झाली तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीही हीच वाकडी पाठ बघितली.

मी पोरांना ही गोष्ट नेहमी सांगायचो. एकेकाळी अमेरिकेतल्या ट्राउटच्या बीज केंद्रांत माशांना काय घालायचे? गुरांची कलेजी आणि प्लीहा, दळून! (रंकाळा_चौपाटी, ऐकतोयस ना?) ते मांस महागलं, मिळेनासं झालं, कोरड्या खाद्यावर आणावं तर मासे आजारी पडत. जॉन हॅल्व्हर नावाच्या शास्त्रज्ञानं मग उलटा रस्ता धरला. शुद्ध घटकांचं कृत्रिम जेवण बनवायचं, त्यातून एकेक घटक काढायचा आणि मासा कशानं अडतो ते बघायचं. १९५७ मध्ये त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चिनूक सॅमन माशासाठी १० अमिनो आम्लं (प्रोटीनचे सुटे घटक) अत्यावश्यक आहेत हे दाखवलं. आजच्या प्रत्येक पोत्याची पाककृती त्या पद्धतीतून आलेली आहे.

आणि योगायोग बघ, त्याच वर्षी, १० जुलै १९५७ ला, ओडिशात हिरालाल चौधुरींनी पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातल्या कार्प माशांचं प्रजनन करून दाखवलं. तोवर बीज नदीतून गोळा करावं लागायचं. म्हणून १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन. बीज हाताशी आलं आणि खाद्याचं शास्त्रही उभं राहिलं, एकाच साली. आपल्याकडे बीज हळूहळू गावोगाव पोचलं. खाद्याला मात्र पुढची तीस-चाळीस वर्षं कोणी विचारलं नाही, कारण गावतळी हिरवी होती.


भीमावरम_रिटर्न | ९ जून, दुपारी १:०५

सरांनी मासा सांगितला, मी पोतं सांगतो. आंध्रात, पश्चिम गोदावरीत एका खाद्याच्या गिरणीत नऊ वर्षं एक्स्ट्रूडरवर (गोळ्या पाडायच्या यंत्रावर) शिफ्ट केली. आता शिरोळला घरी आहे.

आधी एक गंमत. तिकडं कोल्लेरू सरोवराच्या बाजूला हजारो एकरांवर रोहू-कटला आहे. तिथले शेतकरी अडाणी नाहीत, पैसेवाले आहेत, पण कार्पला त्यांनी वर्षानुवर्षं तेल काढलेला भाताचा कोंडाच घातला. पोत्याला खाली भोकं पाडायची, दोरीवर टांगायची, मासे येऊन टोचून खातात. का? कोंडा स्वस्त, आणि तळं हिरवंगार. म्हणजे तुझे वडील आणि कोल्लेरूवाले एकाच शाळेतले.

गोळी-खाद्याचा धंदा तिकडं वाढला तो आधी कोळंबीमुळं. कोळंबी कोंड्यावर जगत नाही. २००९ नंतर व्हनामेई ही परदेशी जातीची कोळंबी आली आणि कारखाने वाढले. अवंती फीड्ससारख्या कंपन्या त्या लाटेवर मोठ्या झाल्या. मासळीचं तरंगतं खाद्य त्याच्या मागून आलं, पंगस आणि चिलापीच्या बंदिस्त शेतीबरोबर.

पोत्यात काय असतं? सोयापेंड, कोंडा, मका किंवा गव्हाचं पीठ, थोडी फिशमील (सुक्या माशांची पूड), तेल, फॉस्फेट, जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण. सगळं मैद्यासारखं दळतात. वाफ देतात, मग एक्स्ट्रूडरच्या नळीत दाब आणि शंभराच्या बऱ्याच वरचं तापमान. पिठातला स्टार्च शिजून चिकट होतो. भोकातून बाहेर पडताना दाब एकदम सुटतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि गोळी कुरमुऱ्यासारखी फुगते. म्हणून तरंगते. साधं क जीवनसत्त्व त्या उष्णतेत मरतं, म्हणून फॉस्फेट जोडलेलं टिकाऊ रूप वापरतात आणि ते महाग असतं. तुझ्या माशांच्या सरळ पाठी ह्या चिमूटभर पावडरीच्या.

तरंगण्याचा खरा फायदा पचनात नाही, डोळ्यांत आहे. मासा खातोय की नाही ते दिसतं. बुडणारं खाद्य उरलं तर तळाशी कुजतं, त्याचा अमोनिया होतो, आणि तुला कळतं ते मासे पहाटे तोंड वर काढून हापकायला लागल्यावर.

आता तुझी वही. १,१०० किलो खाद्यावर ६३० किलो मासा, म्हणजे एफसीआर (एक किलो माशामागे लागलेलं खाद्य) पावणेदोन. वाईट नाही, पण दीडच्या आसपास यायला पाहिजे होता. हातानं घालतोस की ट्रे आहे?


तळ्याकाठचा | ९ जून, रात्री ८:३०

हातानं. सकाळी एकदा, घमेलं भरून. सर, भीमावरमदादा, दोघांचेही आभार. एक विचारतो. दादा म्हणतात ते सामान आपल्याकडंच पिकतं. चंदगड-आजऱ्याच्या भाताचा कोंडा, हातकणंगल्याचं सोयाबीन, घाण्याची पेंड. घरी दळून घातलं तर? आमच्याच घरात चार पोती सोयाबीन पडून आहे.


भीमावरम_रिटर्न | ९ जून, रात्री ९:१०

कच्चं सोयाबीन अजिबात नको. त्यात ट्रिप्सिनला अडवणारा घटक असतो, मासा खातो पण प्रोटीन पचत नाही. नीट भाजलं किंवा वाफवलं तर चालेल.

आणि "स्वस्त" शब्दाचा हिशोब आधी करू. किलोचा भाव बघू नको, प्रोटीनचा भाव बघ. कंपनीचं २८ टक्क्यांचं ४४ रुपयाला, म्हणजे एक किलो प्रोटीन १५७ ला पडलं. शेंगपेंड समजा ४५ टक्के, ४६ रुपये, तर १०२. कोंडा १२ टक्के, २२ रुपये, तर १८३! सगळ्यांत महाग प्रोटीन कोंड्याचं. पोट भरायला आणि उष्मांकाला कोंडा ठीक, वाढ मागू नको त्याच्याकडं.


खवचट_कागलकर | १० जून, सकाळी ११:४५

प्रोटीनचा भाव काढता, पण पोत्यावरचं प्रोटीन खरं कशावरून? आमच्या गावात एकानं दुभत्या म्हशीचं पशुखाद्य माशांना घातलं. "पिशवीवर २० टक्के लिहिलंय की" म्हणून.


जुना मास्तर | १० जून, दुपारी ४:१०

फार चांगला मुद्दा काढलात. प्रयोगशाळा प्रोटीन मोजत नाही, नायट्रोजन मोजते आणि ६.२५ नं गुणते. म्हणून पिशवीवर "क्रूड प्रोटीन" लिहितात. युरियात ४६ टक्के नायट्रोजन. त्याला ६.२५ नं गुणलं तर २८७! म्हणजे १०० किलोच्या मिश्रणात एक किलो युरिया मिसळला की कागदावर जवळजवळ तीन टक्के "प्रोटीन" वाढलं. गुरांच्या खाद्यात ठरावीक प्रमाणात युरिया चालतो, कारण म्हशीच्या पोटातले जीवाणू त्याचं प्रोटीन करतात. माशाला ती सोय नाही. त्याच्या पाण्यात अमोनिया वाढवणं एवढंच त्या युरियाचं काम. २००७ मध्ये चीनमधून गेलेल्या गव्हाच्या मालात मेलामाइन निघालं ते ह्याच गणिताच्या फटीतून. ते अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात गेलं, आणि माशांच्या खाद्यातही सापडलं.

दुसरं, प्रोटीन खरं असलं तरी सगळं सारखं नाही. शेंगपेंडीत लायसिन आणि मेथिओनिन कमी, सोयात मेथिओनिन कमी. दहा अमिनो आम्लांतलं जे सगळ्यांत कमी, तिथं वाढ अडते, बाकीचं जळून जातं. म्हणून दोन-तीन पेंडी मिसळायच्या. डाळ-भात आपण उगाच एकत्र खात नाही.

आणि हे विसरतील सगळे म्हणून सांगतो: रोहू, कटला, सायप्रिनस (कॉमन कार्प) ह्यांना जठरच नाही. घशातून थेट आतडं. त्यामुळं दिवसातून एकदा घमेलंभर घालणं म्हणजे नुकसान, थोडं थोडं तीनदा घाल. जठर नाही म्हणजे आम्ल नाही. म्हणून गुरांचं डायकॅल्शियम फॉस्फेट त्यांना नीट लागू पडत नाही, मोनोकॅल्शियम फॉस्फेट चांगलं. चुना (कॅल्शियम) ते पाण्यातून घेतात, पण फॉस्फरस खाद्यातूनच लागतो. आणि पेंडी-कोंड्यातला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या न पचणाऱ्या रूपात अडकलेला, तो विष्ठेतून पाण्यात जातो. त्यावर शेवाळ माजतं आणि पेपरात तळ्याचा फोटो येतो.


सोयाबीनवाला | ११ जून, रात्री १०:३०

सगळे सोयापेंडीचा भाव काढताय, जरा सोयाबीनवाल्याचाही काढा. गेल्या हंगामात हमीभाव ४,८९२ आणि मला हातात ४,१००. २०२१ ला दहा हजारांच्या पुढं गेलं होतं, तर कोंबडीवाल्यांनी ओरड केली आणि सरकारनं १२ लाख टन जनुक-बदल केलेली सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. ऑगस्टात. आमचं पीक रानात उभं असताना! आता मका-तांदळापासून इथेनॉल काढून उरलेला डीडीजीएस आला. तो स्वस्त, म्हणून पेंड कोणी उचलत नाही. आमच्या पेंडीचा भाव पडला तर तुमचं खाद्य ४४ चं ४० का झालं नाही, ते आधी सांगा.


भीमावरम_रिटर्न | ११ जून, रात्री ११:२०

दादा, राग खरा आहे. खाद्याचा भाव चढताना लिफ्टनं जातो आणि उतरताना जिन्यानं, हे मी गिरणीत बसून बघितलंय. पण पेंड हा एकच भाग. फिशमील, तेल, जीवनसत्त्वं, वाफेचं जळण, पोतं, भाडं हे सगळं वर बसतं. भीमावरमहून कोल्हापूरला ट्रक यायचा म्हणजे फार लांबचा रस्ता, आणि तरंगतं खाद्य हलकं, ट्रक वजनाआधी आकारानं भरतो. तुम्ही हवेचं भाडं देता.

डीडीजीएसबद्दल सावध करतो. स्टार्च काढून घेतल्यामुळं उरलेलं सगळं तिपटीच्या आसपास घट्ट होतं, प्रोटीन तसं बुरशीचं विषही. मका खराब असेल तर अफ्लाटॉक्सिनही तिप्पट.


जुना मास्तर | १२ जून, पहाटे ५:५०

अफ्लाटॉक्सिनवरून एक ओळ. १९६० च्या सुमाराला अमेरिकेतल्या बीज केंद्रांत ट्राउट माशांना यकृताच्या गाठी व्हायला लागल्या. साथ वाटली. निघालं ते सरकीच्या पेंडीतलं बुरशीचं विष. आपल्या पावसाळ्यात पेंडीचं पोतं भिंतीला टेकवून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.


मालवणी_कट्टो | १२ जून, सकाळी ९:००

घाटावरच्यांनू, एक ईचारतंय. त्या फिशमीलात आमची तारली जाता, म्हायत आसा? बारीक बारीक पिल्लां, ताटात येवची ती पोत्यात जातत. आमी काय खावचा?


आकडेबहाद्दर | १२ जून, सकाळी ११:३०

मालवणीभाऊंचा मुद्दा जगाचा आहे. पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँकोव्हेटा ह्या बारीक माशावर जगाची फिशमील उभी होती, १९७२-७३ च्या एल निनोत ती मासेमारी कोसळली आणि भाव भडकले. सोयापेंडीकडे जग वळलं त्याला तोही एक धक्का कारण.

तरी खाद्याची भूक वाढतेच आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये पहिल्यांदा पाळलेल्या जलचर प्राण्यांचं उत्पादन पकडलेल्यांपेक्षा जास्त झालं, ९४.४ दशलक्ष टन, ५१ टक्के. भारतात २०२२-२३ मध्ये १७५.४५ लाख टन मासळी, त्यात १३१ लाख टन समुद्राबाहेरची. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० ला आली २०,०५० कोटींची. तिच्यात दिवसाला २ टनांच्या छोट्या खाद्यगिरणीलाही अनुदान ठेवलं होतं, सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६०.


भीमावरम_रिटर्न | १२ जून, दुपारी १:४०

मालवणीभाऊ, कार्पच्या खाद्यात फिशमील नावापुरती, काही कारखाने तीही घालत नाहीत. रोहूला तिची गरज नाही. कोळंबीला आणि जिताड्यासारख्या मांसाहारी माशाला लागते. आमची वाकडी पाठ सरळ करायला तुमची तारली लागत नाही, एवढं खात्रीनं सांगतो.


बुडालेला_टाकीवाला | १२ जून, रात्री ९:१५

कोणीतरी बायोफ्लॉक (टाकीत दाट मासे पाळायची पद्धत) म्हणेल त्याच्या आधी मीच लिहितो. २०२० ला सहा टाक्या. "खाद्य निम्मं लागतं, मासे स्वतःची घाण खातात," असं प्रशिक्षण देणाऱ्यानं सांगितलं. टाक्याही त्याच्याच, बीज त्याचंच, खाद्यही त्याचंच. तत्त्व खोटं नाही. अमोनियाला कार्बन दिला की जीवाणू वाढतात, त्यांचे गोळे चिलापी खाते. कार्बन म्हणून मळी घालायची, आपल्याकडं काय तोटा! मी तर पहिल्यांदा चांगली काकवी ओतली. पण तो हवा-पंप रात्री दोन तास बंद पडला की सकाळी सहाही टाक्या पांढऱ्या. लोडशेडिंगला कोणी प्रशिक्षण दिलेलं नाही. टाक्यांत आता आई वांगी लावते.


रंकाळा_चौपाटी | १२ जून, रात्री ९:३०

काकवी माशांना. आणि मी चपातीबरोबर मोजून खातोय.


शेवयावाली_ताई | १३ जून, दुपारी ३:२०

मी गडहिंग्लज भागातली. आमच्या बचत गटाचं शेवयांचं यंत्र आहे. उन्हाळा संपला की रिकामं असतं, म्हणून दोन वर्षं आम्ही त्यावर माशांचं खाद्य काढतो, गावच्याच दोन शेततळ्यांसाठी.

कृती: भाजून दळलेलं सोयाबीन, शेंगपेंड, कोंडा, आणि चिकटपणासाठी मैदा. पीठ कोमट पाण्यात घट्ट मळायचं, जाड जाळीतून शेवया पाडायच्या, मोडून वाळवायच्या. जीवनसत्त्वाची पावडर मळतानाच घालतो. पहिल्या वर्षी कडक उन्हात चार दिवस वाळवलं, दुसऱ्या वर्षी कळलं की उन्हानं जीवनसत्त्व उडतं. आता सावलीत, पंख्याखाली, पातळ पसरून.

हे बुडतं, तरंगत नाही. म्हणून ट्रेशिवाय घालूच नये. पावसाळ्यात आम्ही करतच नाही. आमच्याकडं जुलैत पापडसुद्धा वाळत नाही, शेवया कुठल्या.


तळ्याकाठचा | १३ जून, रात्री ८:५०

ताई, हे मला जमण्यासारखं आहे. आईकडं शेवयांचं हातयंत्र आहे, मोटर बसवून घेतो. आणि पाणी हिरवं करायचं ठरवलंय. पण ठिबकचं काय? फिल्टर तुंबणार.


सोयाबीनवाला | १३ जून, रात्री ९:२०

वाळूचा फिल्टर टाक आणि आठवड्याला धू. ते पाणी उसाला सोन्यासारखं, खत आहे त्यात. एवढ्या-तेवढ्यानं घाबरू नको.


जुना मास्तर | १४ जून, सकाळी ६:१०

मोकळं शेण ओतू नकोस. गोणपाटात भरून कोपऱ्यात बुडव, सोबत थोडं सुपर फॉस्फेट. हात कोपरापर्यंत पाण्यात घाल. तळवा कोपराच्या आधीच दिसेनासा झाला तर पाणी फार दाट, शेण काढून घे. कोपर बुडलं तरी बोटं स्पष्ट दिसत असतील तर अजून पातळ. मृगळ ह्या खेपेला टाकू नको, गाळच नाही तर तो उकरणार काय? रोहू, कटला आणि चिलापी पुरे. आणि ढगाळ दिवशी खाद्य निम्मं किंवा बंद. हिरवं पाणी दिवसा प्राणवायू देतं आणि रात्री खातं, ऊन पडलं नाही तर पहाटे हिशोब चुकतो.


तळ्याकाठचा | २४ ऑगस्ट २०२५, सकाळी १०:०५

सर, तुमचं ऐकलं नाही म्हणून ही पोस्ट. पाच दिवस सूर्य दिसला नाही. मी सवयीनं संध्याकाळचं खाद्य पूर्ण घातलं. बुधवारी पहाटे कडेला मासे तोंड वर काढून, ४३ मेले. मोटर लावून पाणी वरून सोडलं म्हणून बाकीचे वाचले. सगळ्यात मोठे कटलेच गेले. आईनं दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं.


भीमावरम_रिटर्न | २४ ऑगस्ट, दुपारी १२:३०

४३ वर सुटलास. आंध्रात असल्या पहाटे टेम्पो भरून नेताना बघितलंय. आता तीन दिवस खाद्य बंद. उपाशी मासा मरत नाही, भरल्या पोटाचा मरतो, पचवायला प्राणवायू लागतो ना.


खवचट_कागलकर | २४ ऑगस्ट, दुपारी १:००

आणि जीवनसत्त्वाची पावडर कशात ठेवलीस?


तळ्याकाठचा | २४ ऑगस्ट, दुपारी १:२५

...कागदी पुड्यात. गोळा झाला. टाकून नवीन आणली, आता बरणीत.


तळ्याकाठचा | १५ फेब्रुवारी २०२६, रात्री ८:१५

शब्द दिला होता म्हणून हिशोब. बीज १,२००. कंपनीचं खाद्य २० पोती, ५०० किलो, ह्या वर्षी ४६ नं, म्हणजे २३,०००. पावसाळ्यात फक्त तेच घातलं. ऑक्टोबरपासून घरचं ३५० किलो, सामानाचा खर्च किलोला ३६, म्हणजे १२,६००. दोन्ही मिळून ३५,६००. दिवसातून तीनदा, ट्रेमध्ये. ट्रेत उरलं की दुसऱ्या दिवशी कमी.

काल ४१० किलो काढला. आत अजून १२० च्या आसपास असेल, जाळ्याच्या दोन ओढींवरून अंदाज. ५३० धरले तर किलो माशामागे खाद्य ६७ रुपयांचं. गेल्या वर्षी ते ७७ ला पडलं होतं. एफसीआर १.६. भाव ह्या वेळी १२० मिळाला, बांधावरच. आणि वाकडे मासे शोधले, वडिलांनी स्वतः एकेक उलटून बघितला. दोन सापडले. ते म्हणाले, "एवढे आमच्या वेळीबी असतील, आम्ही बघितले नसतील."


भीमावरम_रिटर्न | १५ फेब्रुवारी, रात्री ८:४०

किलोला दहा रुपये वाचले. थोडे वाटतील, पण दीड एकराचं तळं असतं तर बोललो असतो. पुढच्या खेपेला बोटुकली मोठी घे, शंभर ग्रॅमची. लहान वयातली मर आणि महाग खाद्य दोन्ही वाचतं.


सोयाबीनवाला | १५ फेब्रुवारी, रात्री ९:०५

सोयाबीन कुठलं घेतलंस? बाजारातून घेतलं असशील तर बोलू नको माझ्याशी.


तळ्याकाठचा | १५ फेब्रुवारी, रात्री ९:१२

घरचं चार पोती, मग हातकणंगल्याहून. हमीभावानं नाही, पण अडत्यापेक्षा शंभर जास्त दिले.


शेवयावाली_ताई | १५ फेब्रुवारी, रात्री ९:५०

हिशोब छान. पण ३५० किलो शेवया पाडल्या कुणी, वाळवल्या कुणी? आईच्या हाताची मजुरी धरलीस का?


तळ्याकाठचा | १५ फेब्रुवारी, रात्री ९:५८

नाही धरली.


शेवयावाली_ताई | १५ फेब्रुवारी, रात्री १०:०३

आमच्या गटात किलोला सहा रुपये लावतो. तेवढे धर, ६७ चे ७१ होतील.


तळ्याकाठचा | १५ फेब्रुवारी, रात्री १०:३०

आईला वाचून दाखवलं. म्हणाली सहा नको, आठ लाव. माळ्यावर पंखा न्यायला दोनदा चढावं लागलं होतं. आणि पुढच्या मोसमात मोटर दुरुस्त केल्याशिवाय यंत्राला हात लावणार नाही म्हणून सांगितलंय.